मोखाड्याच्या काट्यावरचे आकडे

जव्हार-मोखाड्याच्या डोंगराळ मुलखात वारली, कोळी महादेव, ठाकूर आणि कातकरी कुटुंबांच्या वर्षाचा सगळा हिशेब अखेरीस वजनावर येऊन ठेपतो. उतारावरच्या वरकस जमिनीतून निघालेली नागली आणि वरई, खाचरातला भात, उन्हाळ्याच्या तोंडाशी वेचलेली मोहाची फुले, स्वस्त धान्य दुकानातून मिळणारा तांदूळ आणि अंगणवाडीत तोलले जाणारे तान्हे मूल, या साऱ्यांविषयीचा निर्णय एका लहानशा यंत्राच्या दर्शनी भागावर उमटणाऱ्या चार-पाच आकड्यांवर अवलंबून असतो. त्या आकड्यांमागे असलेली चिप, तिला जोडलेले आकडे दाखवणारे दिवे आणि तिच्याशी बोलण्यासाठी दिलेली बटणे यांची रचना हा अभियंत्यांच्या पाठ्यपुस्तकातला एक रूक्ष धडा समजला जातो; परंतु ज्या माणसाचे धान्य पारड्यात आहे त्याच्या दृष्टीने यंत्राचा तेवढाच भाग महत्त्वाचा आहे, कारण आत कितीही सूक्ष्म मापन झाले तरी ते त्याच्यापर्यंत पोहोचते ते याच वाटेने.

या मुलखात मापाचा इतिहास सुखाचा नाही. धान्य अधोलीने आणि पायलीने मापले जात असे तेव्हा शीग चढवावयाची की माप काठाला सपाट करावयाचे हे मापणाराच्या हातात असे, आणि कर्जाऊ धान्य देताना व ते सवाई-दिडीने परत घेताना एकाच सावकाराचा हात दोन रीतींनी चाले. १९५६ च्या कायद्यान्वये १ ऑक्टोबर १९५८ पासून मेट्रिक वजने अमलात येऊ लागली, शेर आणि मण हळूहळू मागे पडले, दांडीच्या तराजूला किलोग्रॅमची छापील वजने आली. तरीही दांडीला अंगठ्याचा भार लावण्याची विद्या लोप पावली नव्हती. इलेक्ट्रॉनिक काट्याने हे अंगठ्याचे काम पुष्कळसे बंद केले. त्याच्या मोबदल्यात त्याने मागितले ते एवढेच, की पारड्याच्या वर-खाली होण्याऐवजी आता आकड्यावर विश्वास ठेवावा. आणि पारडे झुकलेले निरक्षर माणसालाही दिसत असे, आकडा मात्र वाचावा लागतो. या बदलाचे गांभीर्य यंत्र बनवणारांनी पुरतेपणी ओळखले पाहिजे, असे मला वाटते.

काट्याच्या तबकडीखाली अॅल्युमिनियमचा एक जाड ठोकळा असतो, त्याला लोडसेल म्हणतात. त्यावर चिकटवलेल्या बारीक धातुपट्ट्या वजनाने ठोकळा किंचित वाकला की ताणल्या किंवा आक्रसल्या जातात, त्यांचा विद्युत्‌रोध बदलतो, आणि चार पट्ट्यांच्या जोडणीतून फार फार तर दहा-वीस मिलिव्होल्टचा एक क्षीण संकेत बाहेर पडतो. तो मोठा करून अंकांत रूपांतरित करणारी एक स्वतंत्र चिप असते. स्वस्त काट्यांत आणि विद्यार्थ्यांच्या प्रयोगांत आढळणारी एचएक्स ७११ ही त्यांतली बहुपरिचित होय, आणि ती सेकंदाला दहा किंवा ऐंशी वेळा चोवीस बिटांचा आकडा पुढे पाठवते. हा आकडा स्वीकारते ती मायक्रोकंट्रोलर नावाची चिप. तिच्यात हिशेब करणारा भाग, स्मृती आणि बाहेरच्या जगाशी संबंध ठेवणारे धातूचे पाय, म्हणजे पिना, हे सर्व एकत्र असते. इंटेलने १९८० साली आणलेल्या ८०५१ या चिपच्या कुळाला चाळीस पिना असून त्यांपैकी बत्तीस आदान-प्रदानासाठी मोकळ्या असतात; आपल्याकडील इलेक्ट्रॉनिक्सच्या पदविकाधारकांच्या कित्येक पिढ्या याच चिपवर शिकल्या. प्रत्येक पिनेला दोनच अवस्था ठाऊक असतात: पाच व्होल्टच्या जवळ किंवा शून्याच्या जवळ. या दोन अवस्थांतून आकडा दाखवावयाचा आणि माणसाच्या बोटाची हाक ऐकावयाची, हा सगळा प्रश्न आहे.

प्रथम आकड्यांकडे पाहू. लाल उजेडाचा जो इंग्रजी आठ आपण काट्यावर, लिफ्टमध्ये आणि रेल्वे स्थानकावरील घड्याळात पाहतो तो सात सरळ दांड्यांचा बनलेला असतो, आणि आठवा दिवा दशांशचिन्हाचा. दांड्यांना ए पासून जी पर्यंत अक्षरे देण्याची रूढी आहे: वरची आडवी ए, उजवीकडची वरची बी, तिच्याखालची सी, तळाची डी, डावीकडच्या ई आणि एफ, आणि मधली आडवी जी. प्रत्येक दांडी हा एक प्रकाशदायी डायोड, म्हणजे एलईडी. त्याला थेट पाच व्होल्ट दिले तर तो जळून जाईल. लाल एलईडी स्वतःकडे सुमारे दोन व्होल्ट ठेवतो, उरलेले तीन व्होल्ट कोणीतरी अडवले पाहिजेत, आणि दहा मिलिअँपिअर प्रवाह हवा असेल तर ओहमच्या नियमाने तीनशे ओहमचा रेझिस्टर मध्ये घालावा लागतो. बाजारात त्याच्या जवळचा ३३० ओहमचा मिळतो, तो चालतो.

काट्यावर सहा अंक हवे असतील तर सहा गुणिले आठ म्हणजे अठ्ठेचाळीस दिवे झाले. पिना आहेत बत्तीस, आणि त्यांतून लोडसेलची चिप, बटणे, भोंगा यांनाही जागा द्यावयाची आहे. अभियंत्यांनी या अडचणीतून काढलेली वाट मला फार मोहक वाटते. सहाही अंकांच्या ए दांड्या एकमेकींना जोडून एकाच पिनेवर आणतात, तशाच सर्व बी, सर्व सी. अशा आठ पिना झाल्या. मग प्रत्येक अंकाची सामाईक बाजू वेगळ्या पिनेने चालू-बंद करतात, त्या सहा. एकूण चौदा. चिप प्रथम पहिल्या अंकाची आकृती आठ तारांवर मांडते आणि फक्त पहिला अंक चालू करते. दोन मिलिसेकंदांनी तो विझवून दुसऱ्याची आकृती मांडते आणि दुसरा चालू करते. बारा मिलिसेकंदांत सहांची एक फेरी पूर्ण होते आणि सेकंदाला ऐंशीहून अधिक फेऱ्या होतात. कोणत्याही एका क्षणी सहांपैकी एकच अंक पेटलेला असतो. आपल्याला सहाही दिसतात, कारण डोळ्यावरचा ठसा तेवढ्या वेळात पुसला जात नाही. अंधारात जळते कोलीत गरगर फिरवले की अग्नीचे अखंड कडे दिसते, तेच हे. आपल्या प्राचीन तत्त्वचिंतकांनी या अलातचक्राचा दाखला जगाच्या भासमानतेसाठी दिला, आणि आजचा अभियंता त्याच भासावर तांदळाचे खरे वजन दाखवतो.

या युक्तीला किंमत द्यावी लागते. प्रत्येक दिवा एकूण वेळेच्या सहाव्या हिश्श्यापुरताच जळत असल्याने तो मंद दिसतो, म्हणून त्याच्यातून त्या अल्प काळात दुप्पट-तिप्पट प्रवाह सोडावा लागतो, रेझिस्टर १०० ते १५० ओहमपर्यंत उतरवावा लागतो, आणि आठाचा अंक दशांशचिन्हासह पेटतो तेव्हा एका सामाईक तारेतून दोनशे मिलिअँपिअरच्या आसपास प्रवाह वाहतो. ८०५१ कुळातील चिपची पिन प्रवाह आत ओढून घेताना फार तर दहा मिलिअँपिअर सोसते आणि बाहेर देताना एक मिलिअँपिअरच्याही कितीतरी खाली राहते. म्हणून पिनेने स्वतः ओझे न उचलता ट्रान्झिस्टरला केवळ हुकूम द्यावा आणि प्रवाहाचा भार ट्रान्झिस्टरने वाहावा, अशी व्यवस्था करणे क्रमप्राप्त ठरते. याशिवाय एक अंक विझवून दुसरा पेटवण्यापूर्वी क्षणभर सर्व दिवे बंद ठेवले नाहीत तर पहिल्याची पुसट छाया दुसऱ्यावर पडते, आणि ३ चा ८ वाटू लागतो. हा सर्व खटाटोप स्वतःकडे घेणाऱ्या मॅक्स ७२१९ किंवा टीएम १६३७ यांसारख्या सहायक चिपा आता सर्रास मिळतात. त्यांना मुख्य चिपशी जोडण्यास दोन-तीन पिना पुरतात.

सामाईक तारांच्या या रचनेतून उद्भवणारा एक दोष मात्र इतका घातक आहे, की त्याच्यापाशी थोडे थांबले पाहिजे. समजा, ओल धरून किंवा टाका सुटून बी ही एकच तार निकामी झाली. ती सर्व अंकांना सामाईक असल्याने प्रत्येक अंकातली उजवीकडची वरची दांडी एकदम नाहीशी होते. १, २, ३, ४ हे अंक अशा वेळी विद्रूप दिसतात आणि बिघाड तत्काळ ध्यानात येतो. परंतु बी दांडी गेलेला ८ हा हुबेहूब ६ दिसतो, आणि बी दांडी गेलेला ९ हुबेहूब ५. शेतकऱ्याने घातलेली ८.९ किलो वरई काट्यावर निर्दोष, सुवाच्य ६.५ किलो दिसेल. यंत्राच्या पोटात ८.९ हाच आकडा बरोबर तयार झालेला असेल, लोडसेल निर्दोष असेल, गणित निर्दोष असेल, आणि तरी अडीच किलोच्या जवळ माल एका मुक्या तारेने गिळलेला असेल. याच कारणासाठी चांगला काटा चालू करताच क्षणभर सर्व जागी ८ दाखवतो, म्हणजे प्रत्येक दांडी शाबूत आहे याची हजेरी घेतो. तो क्षण शोभेचा नव्हे. माल घेऊन आलेल्या प्रत्येकाने तो पाहावा, आणि एखाद्या आठाच्या जागी सहा दिसला तर तोलणे थांबवावे.

धान्यात अडीच किलो गेले तर नुकसान भरून काढता येते. मुलाच्या वजनाची गोष्ट वेगळी आहे, आणि या दोन तालुक्यांत ती विशेषच वेगळी आहे. १९९२ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे कुपोषणाने झालेल्या बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला, आणि तेव्हापासून अंगणवाडीतला वजनकाटा हे या भागातले सर्वांत जबाबदारीचे उपकरण होऊन बसले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या वाढीच्या मानकांप्रमाणे एक वर्षाच्या मुलीचे मध्यम वजन ८.९ किलो असते. ७ किलोच्या खाली ती कमी वजनाची आणि ६.३ किलोच्या खाली ती तीव्र कमी वजनाची गणली जाते. वर सांगितलेला बी तारेचा दोष अशा काट्यात असेल तर सुदृढ मुलगी कमी वजनाची म्हणून नोंदली जाईल. याच्या उलट, दोन अवस्थांमधली सीमा सातशे ग्रॅमांची असल्याने आकड्याची छाया एका अंकावरून दुसऱ्यावर पडणेही परवडण्यासारखे नाही, कारण पोरीला जव्हारच्या रुग्णालयात हलवावयाचे की घरीच पोषक आहार द्यावयाचा हा निर्णय त्या नोंदीवर घेतला जातो.

अंगणवाडीतल्या काट्यावर बहुधा लाल दिव्यांऐवजी करड्या पार्श्वभूमीवरचे काळे अंक, म्हणजे एलसीडी असते. एलसीडी स्वतः प्रकाश देत नाही, बाहेरचा प्रकाश अडवते किंवा सोडते. त्यामुळे तिला लागणारी वीज अत्यल्प असते, दोन लहान सेलांवर यंत्र महिनोन्‌महिने चालते, आणि पावसाळ्यात दिवसचे दिवस वीज नसलेल्या पाड्यांवर तोच मोठा गुण ठरतो. लाल दिव्यांच्या काट्याला सहा व्होल्टची शिशाची बॅटरी पोटात बाळगावी लागते आणि ती वेळोवेळी भारित करावी लागते. पण दुकानाच्या अंधाऱ्या कोपऱ्यात लाल आकडा चार हातांवरून दिसतो, करडा दिसत नाही.

शब्द दाखवणारी एलसीडीही असते. तिचा सर्वांत प्रचलित नमुना दोन ओळींत सोळा-सोळा अक्षरे दाखवतो आणि तिच्या पाठीवर हिताची कंपनीच्या एचडी ४४७८० या चिपचा किंवा तिच्या प्रतिकृतीचा अंमल असतो. आठ तारांवर अक्षराचा क्रमांक मांडावयाचा, आर.एस. या पिनेने तो हुकूम आहे की मजकूर हे सांगावयाचे, आणि ई या पिनेवर एक ठोका द्यावयाचा, की अक्षर उमटते; पिनांची टंचाई असेल तर चारच तारांवरून अर्धा-अर्धा क्रमांक दोन हप्त्यांत पाठवता येतो. या चिपच्या कायम स्मृतीत रोमन अक्षरे आहेत, जपानी काताकाना आहे, देवनागरी नाही. वापरणाऱ्याला स्वतःची अक्षरे कोरण्यासाठी तिने जागा ठेवली आहे ती फक्त आठ, आणि तीही पाच गुणिले आठ ठिपक्यांची. त्या आठ चौकटींत ‘वजन’ हा शब्द कसाबसा बसवता येतो. मराठी वाक्य बसत नाही. सात दांड्यांच्या अंकांचीही तीच गत आहे: देवनागरी ५ किंवा ९ यांचे वळण सरळ दांड्यांतून निघतच नाही. परिणामी मोखाड्याच्या शाळेत देवनागरी अंक गिरवलेल्या आजीला काट्यावर इंग्रजी अंक वाचावा लागतो. ठिपक्या-ठिपक्यांनी बनलेला, १२८ गुणिले ६४ ठिपक्यांचा आलेखी डिस्प्ले लावला तर देवनागरी अक्षरे आणि अंक दोन्ही सुबक काढता येतात. त्याला स्मृती अधिक लागते, किंमत अधिक पडते, आणि तरीही सरकारी पैशाने विकत घेतल्या जाणाऱ्या यंत्रांत तो असावा असा आग्रह मी धरीन.

आता बटणांकडे वळू. शून्य करणे, भांड्याचे वजन वजा करणे आणि दर टाकणे यांसाठी काट्यावर चापट बटणांची पाटी असते. तिच्या वरच्या पातळ प्लास्टिकवर चिन्हे छापलेली असतात आणि खाली दोन वाहक थर एकमेकांपासून केसभर अंतरावर थांबलेले असतात. बोटाच्या दाबाने ते टेकतात. बटण दाबलेले नसताना त्याची पिन अधांतरी राहिली तर ती भोवतालच्या विद्युत्‌लहरींनी कधी वर, कधी खाली भरकटते आणि चिपला नसलेली बोटे भासू लागतात. म्हणून पिनेला दहा हजार ओहमच्या रेझिस्टरने पाच व्होल्टशी बांधून ठेवतात. दाबले की ती शून्याला जाते, सोडले की परत वर येते. ८०५१ च्या तीन पोर्टांत असा आधार आतच आहे, चौथ्यात नाही, आणि नवशिक्याचे पुष्कळ तास या एका भेदात जातात.

स्पर्शही साधा नसतो. दोन धातू टेकताना काही मिलिसेकंद उसळतात, लागतात, सुटतात, पुन्हा लागतात. माणसाला एक दाब जाणवतो. सेकंदाला लाखो आज्ञा पाळणाऱ्या चिपला त्याच दाबात पाच-दहा दाब दिसतात, आणि दर टाकताना ४ च्या जागी ४४४ उमटतो. उपाय सोपा आहे: पहिला स्पर्श कळला की वीस मिलिसेकंद थांबावे, पुन्हा पाहावे, आणि स्थिती तीच असेल तरच दाब रुजू करून घ्यावा.

सोळा बटणांना सोळा पिना देण्याची ऐपत कोणाचीच नसते. म्हणून चार आडव्या आणि चार उभ्या तारांची जाळी करून प्रत्येक छेदावर एक बटण बसवतात. चिप पहिली आडवी तार शून्यावर आणते आणि चारही उभ्या तारा वाचते. एखादी शून्य दिसली तर त्या छेदावरचे बटण दाबलेले आहे हे निश्चित होते. मग दुसरी, तिसरी, चौथी. आठ पिनांत सोळा बटणे. अंक उजळण्यासाठी जी फेरी चालू असते तिच्याच जोडीने ही फेरीही चालवता येते, आणि कसबी अभियंता अंक निवडणाऱ्या तारांनाच बटणांच्या आडव्या तारा करून आणखी चार पिना वाचवतो. या जाळीतही एक खोड आहे: आयताच्या तीन कोपऱ्यांवरची बटणे एकाच वेळी दाबली गेली तर प्रवाह आडवळणाने फिरून चौथेही दाबलेले भासते. प्रत्येक बटणाला एक डायोड जोडला की ही वाट बंद होते. काट्यावर सहसा तेवढ्याची जरूर पडत नाही, दोनाहून अधिक बटणे एकदम दिसली तर ती दुर्लक्षावीत असा नियम कार्यक्रमात घातला की भागते.

तान्ह्या मुलाच्या काट्यावरचे ‘होल्ड’ हे बटण मला सर्वांत माणुसकीचे वाटते. मूल पाय झाडते, रडते, आकडा सात आणि आठ किलोंच्या दरम्यान नाचत राहतो. बटण दाबल्यावर चिप काही सेकंदांची मापे गोळा करते, त्यांची सरासरी काढते आणि एकच आकडा स्थिर धरून ठेवते, जेणेकरून मूल आईच्या कुशीत परत गेल्यावर सेविकेला शांतपणे तो वहीत उतरवता यावा.

बाजारातल्या काट्याला दोन तोंडे असतात, एक विकणाऱ्याकडे आणि एक घेणाऱ्याकडे. वजनयंत्रांच्या आंतरराष्ट्रीय प्रमाणकांत, लोकांना थेट विक्री करणाऱ्या काट्यावरचा आकडा दोघांनाही एकाच वेळी स्पष्ट दिसला पाहिजे असे कलम आहे. तारांच्या भाषेत ही गोष्ट अगदी स्वस्त आहे: मागचा डिस्प्ले पुढच्याच चौदा तारांना समांतर जोडला की चिपला एकही जादा पिन द्यावी लागत नाही, कार्यक्रमात एक ओळही वाढत नाही, फक्त ट्रान्झिस्टर थोडे दणकट घ्यावे लागतात. इतक्या अल्प खर्चात मिळणारा हा हक्क काट्यामागे पोते रचून किंवा मागच्या काचेवर कागद चिकटवून नाहीसा केला जातो, तेव्हा तो कागद तिथल्या तिथे काढावयास लावावा.

सर्व पिनांत एक पिन अशी असते की जिचे बटण कोणालाच सापडू नये. काट्याला एक किलो म्हणजे किती हे शिकवण्याची आज्ञा त्या पिनेवरून दिली जाते. प्रमाणित वजन तबकडीवर ठेवून ते बटण दाबले की चिप नवा गुणक आपल्या कायम स्मृतीत लिहून ठेवते आणि पुढचे प्रत्येक वजन त्या गुणकाने काढते. म्हणून ते बटण पेटीच्या आत, झाकणाखाली असावे लागते, आणि झाकणाच्या स्क्रूमधून तार ओवून तिच्यावर शिशाची मोहोर दाबतात. २००९ च्या वैधमापनशास्त्र अधिनियमाखालील नियमांप्रमाणे अशा काट्याची पडताळणी आणि मुद्रांकन दर बारा महिन्यांनी करून घ्यावे लागते, आणि निरीक्षकाने दिलेले पडताळणीचे प्रमाणपत्र दुकानदाराने दर्शनी जागी लावावयाचे असते. त्यावरची तारीख आणि काट्याखालची शाबूत मोहोर, ही दोन्ही माल घालण्यापूर्वी पाहून घेता येतात.